घोड्याचे तोंड डावीकडे : भंडाऱ्याचा महामार्ग आणि जनावरांच्या प्रवासाचे कायदे

रायपूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग साकोली, लाखनी ओलांडून कारध्याजवळ वैनगंगा पार करतो, भंडारा शहराला स्पर्श करतो आणि नागपूरकडे जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. या रस्त्यावर जनावरांनी भरलेला ट्रक अडवल्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रांना नवी नाही. ट्रकमध्ये बैल असतील तर कायदा पहिला प्रश्न विचारतो, ही जनावरे कशासाठी चालली आहेत? त्याच ट्रकमध्ये घोडे असतील तर हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. उरतो दुसरा प्रश्न, ही जनावरे कशी चालली आहेत? या दोन प्रश्नांचे जन्म वेगळ्या काळात आणि वेगळ्या कारणांनी झाले. भंडारा जिल्ह्याने गेल्या पाऊणशे वर्षांत हे दोन्ही प्रश्न अनुभवले, तेही तीन वेगवेगळ्या राज्यांच्या अमलाखाली. त्या इतिहासाचा हा धागा.

सुरुवात रस्त्यापासूनच करणे योग्य. रेल्वेपूर्वी जनावर हा माल नव्हता. ते मालाचे वाहन होते. नागपूर ते रायपूर हा मोठा पूर्व रस्ता भंडाऱ्यावरूनच जात असे. बंजाऱ्यांचे लमाण तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मध्य भारतभर फिरत. वर्धा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातील गौळाऊ जातीचा बैल चपळ चालीसाठी प्रसिद्ध. मराठ्यांच्या फौजांना वेगाने रसद पोहोचवण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे मानले जाते. विकायचे जनावरही बाजारापर्यंत स्वतःच्या पायांनी जाई. ज्याला चालवत नव्हते ते गावातच राही आणि बहुधा गावातच मरे.

घोड्याचे स्थान निराळे होते. मराठी लष्करी व्यवस्थेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिलेदाराच्या दृष्टीने घोडा हे भांडवल होते. तो मेला तर त्याचा दर्जाच बदलण्याची भीती असे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगाल-ओडिशापर्यंत गेल्या त्या याच भांडवलाच्या बळावर. दसऱ्याला घोड्याची पूजा होते, पोळ्याला बैलाची. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात पोळ्याचे महत्त्व किती हे सांगण्याची गरज नाही. घोड्याचा सण मात्र राजवाड्याबरोबर आणि पागेबरोबर आकसत गेला. पुढच्या कायद्यांकडे पाहताना हा फरक ध्यानात असावा.

१८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी उभी राहिली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १८८० ते १८८२ या काळात नागपूर-छत्तीसगढ रेल्वे मीटरगेजवर धावू लागली; पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेत विलीन होऊन रुंद झाली. भंडारा शहरापासून काही अंतरावर वरठी येथे ‘भंडारा रोड’ स्थानक झाले, तुमसरसाठी ‘तुमसर रोड’. लोहमार्गाने धान आणि लाकूड बाहेर नेले, तसे जनावरही नेता येऊ लागले. जनावर आता स्वतः न चालता शेकडो मैल जाऊ शकत होते. डब्यात किती कोंबावीत, पाणी कोठे पाजावे, पडलेले जनावर उठवावे कोणी, हे प्रश्न इतिहासात प्रथमच उद्भवले. जनावरांच्या वाहतुकीतील क्रौर्य ही पुरातन गोष्ट वाटते खरी, पण तिचे आजचे रूप यंत्रयुगाचे अपत्य आहे.

आता कायदे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर येते ते मालमत्ता म्हणून. कलम ४२९ पाहावे. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांपैकी कोणत्याही किमतीचे, किंवा ५० रुपये वा अधिक किमतीचे इतर कोणतेही जनावर मारणे, त्याला विष देणे, अपंग किंवा निरुपयोगी करणे हा गुन्हा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. यादीत घोडा गाईच्या आधी आहे. गाढव यादीतच नाही. त्याला आधी आपली ५० रुपयांची किंमत सिद्ध करावी लागे. पण हा गुन्हा ‘आगळीक’ या सदरातला, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचे नुकसान करण्याचा. स्वतःचा घोडा स्वतःच मारणाऱ्या मालकाला या कलमाची भीती नव्हती.

क्रौर्याचा वेगळा विचार इंग्लंडमधून आला. १८२२ च्या मार्टिन कायद्याने घोडे, खेचरे, गाढवे, गुरे व मेंढ्या यांना निर्दयतेने वागवणे दंडनीय केले. १८२४ मध्ये लंडनला प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली. कलकत्त्यात कोल्सवर्दी ग्रँट यांनी १८६१ मध्ये तशीच संस्था काढली, मुंबईत ती १८७४ मध्ये झाली. मुंबईत दयेची एक देशी परंपरा त्याआधीपासून होती, हे इंग्रजी इतिहासलेखनात पुष्कळदा निसटते. भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ चा, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला. फरक असा की पांजरपोळ थकलेल्या जनावराला आसरा देत होता आणि इंग्रजी संस्था गाडीवानाला न्यायालयात खेचत होती.

१८९० चा अखिल भारतीय कायदा या दुसऱ्या परंपरेतला. त्याची एक मर्यादा बोलकी आहे. निर्दय मारहाण, अतिश्रम किंवा वेदनादायक रीतीने बांधून नेणे हे रस्त्यावर, लोकांचा वावर असलेल्या ठिकाणी अथवा तेथून दिसेल असे घडले तरच त्यातील मुख्य कलम लागू होई. क्रौर्य दिसले तर क्रौर्य. शहरातील टांग्याचा घोडा त्यामुळे या कायद्याच्या नजरेत आला. बंद मालडब्यातले जनावर दिसत नव्हते, म्हणून सुटले. खास घोड्यांसाठी त्या काळात झालेले कायदे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. १८९९ चा ग्लँडर्स आणि फार्सी कायदा, १९१० चा डुरीन कायदा. दोन्ही सांसर्गिक रोगांविषयीचे. ग्लँडर्स झालेला घोडा मारून टाकण्याचा अधिकार सरकारने घेतला. सैन्याच्या पागा वाचवणे हा त्यामागचा उघड हेतू होता.

घोडा कत्तलीसाठी नेला जाणे हा प्रश्न मात्र भारतात जन्मला नाही. तो इंग्लिश खाडीवर जन्मला. ब्रिटनमध्ये घोड्याचे मांस खाल्ले जात नसे, बेल्जियम आणि फ्रान्समध्ये खाल्ले जाई. त्यामुळे आयुष्यभर गाड्या ओढून झिजलेले इंग्रजी घोडे जहाजांत भरून पलीकडे पाठवले जात. १९११ मध्ये ॲडा कोल यांनी अँटवर्पच्या बंदरावर अशा घोड्यांना उतरवताना पाहिले आणि उरलेले आयुष्य त्या एका कामाला वाहिले. १९१४ मध्ये निर्यातीपूर्वी पशुवैद्यकीय तपासणी सक्तीची करणारा कायदा कडक झाला. १९२७ मध्ये कोल यांनी कत्तलीसाठी होणाऱ्या अश्वनिर्यातीविरुद्ध आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये ब्रिटिश संसदेने जो उपाय केला तो चतुर होता. निर्यात होणाऱ्या घोड्यांसाठी किमान किंमत ठरवण्यात आली. तिच्याखालचा घोडा बाहेर जाऊ शकणार नाही. मांसाच्या भावापेक्षा घोडा महाग झाला की खाटीक तो घेणार नाही, एवढा साधा हिशेब.

त्याच दशकात कैरोमध्ये डोरोथी ब्रूक यांना पहिल्या महायुद्धातले घोडे आढळले. १९१८ नंतर ब्रिटिश सैन्याने ते मायदेशी न नेता इजिप्तमध्येच विकले होते आणि बारा-पंधरा वर्षांनी ते दगडमातीच्या गाड्या ओढत होते. ब्रूक यांनी १९३१ मध्ये एका इंग्रजी दैनिकात पत्र लिहून निधी जमवला, सुमारे ५,००० घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये तेथे रुग्णालय काढले. हैफाच्या लढाईचे स्मरण आपल्याकडे अभिमानाने होते. त्या रणभूमीवरील घोड्यांच्या पुढच्या आयुष्याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

अँटवर्पहून नागपूरला येताना एक गोष्ट बरोबर आणावी लागते, ती म्हणजे ‘किंमत’. १९३७ च्या ब्रिटिश कायद्याने घोड्याला वाचवले ते त्याची किंमत वाढवून. मध्यप्रांताने गुरांना वाचवायचे ठरवले तेव्हा त्यानेही उपयुक्ततेचाच मापदंड घेतला.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत गोवंशाच्या रक्षणावर चर्चा झाली. मांडणी पंडित ठाकूरदास भार्गव यांची होती. मध्यप्रांताचे सेठ गोविंददास यांना हा विषय मूलभूत हक्कांत हवा होता. याच प्रांताचे डॉ. रघुवीर आणि झाशीचे मराठीभाषक सदस्य रघुनाथ विनायक धुळेकर यांनीही कळकळीने भाषणे केली. शेवटी तो मार्गदर्शक तत्त्वांत, आजच्या अनुच्छेद ४८ मध्ये, आला. गाई, वासरे आणि इतर दुभती व आऊतकामाची गुरे, असा त्याचा रोख आहे. मथळा शेती व पशुसंवर्धनाचा, भाषा शास्त्रीय पद्धतीची. श्रद्धेचा उल्लेख नाही. घोडा ओझे ओढत असला तरी तो ‘गुरे’ या शब्दात बसत नाही, त्यामुळे तो बाहेर राहिला आणि याचे कोणाला काही वाटलेही नाही. आपल्याकडे घोडा कोण खातो?

१९४९ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाड पशुसंरक्षण अधिनियम आला. नागपूर राजधानी, भंडारा त्याच प्रांताचा जिल्हा. मूळ कायद्यात कत्तलीस सरसकट बंदी नव्हती. प्रमाणपत्राशिवाय कत्तल नाही, एवढेच बंधन होते. १९५१ च्या दुरुस्तीने गाईच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आली. १९५६ च्या दुरुस्तीने बंदीची व्याप्ती बैल आणि वळूंपर्यंत गेली. आणि त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला.

हे बालाघाट प्रकरण थोडे उलगडून सांगायला हवे. तो जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग काढूनच बनवला होता. वैनगंगा दोन्ही जिल्ह्यांची, धान दोन्हीकडचे, सोयरिकी दोन्हीकडे, गुरांचे बाजारही एकमेकांत गुंतलेले. १९५६ नंतर त्यांच्यामध्ये राज्याची सीमा उभी राहिली. काही काळ दोन्ही बाजूंना तोच १९४९ चा कायदा लागू राहिला, कारण विदर्भाने तो बरोबर आणला होता. पण त्यापुढे प्रत्येक बाजूचा कायदा आपापल्या राजधानीत घडणार होता. गुरांच्या व्यापारात राज्यसीमेला जे महत्त्व पुढे आले, त्याची सुरुवात येथे आहे.

या कायद्याला आव्हान मिळाले. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांच्या कायद्यांविरुद्ध खाटीक व्यावसायिक आणि संबंधित धंद्यांतील लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्याचा निकाल २३ एप्रिल १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी दिला. गाय आणि वासरे यांच्यावरील पूर्ण बंदी वैध. बैल, वळू, म्हशी उपयुक्त असेपर्यंत बंदी वैध. निरुपयोगी झाल्यावरही बंदी घालणे मात्र अवाजवी, कारण चारा मर्यादित आहे आणि खाटकाच्या व्यवसायस्वातंत्र्यावर तो अकारण घाला ठरतो. मध्य प्रदेशच्या कायद्यातील बैल-वळूंवरील सरसकट बंदी वयाची वा उपयुक्ततेची कोणतीही कसोटी न लावता घातलेली असल्याने रद्द झाली.

‘निरुपयोगी’ हा शब्द न्यायालयात तात्त्विक वाटतो. धानाच्या बांधीत तो रोकडा असतो. चिखलणीला बैल किंवा हेला लागतो. आषाढात पाऊस पडला की रोवणीसाठी मिळणारे दिवस मोजके. पाय धरलेला बैल त्या दिवसांत उभा राहिला नाही तर हंगाम जातो. म्हणून शेतकरी उन्हाळ्यात जुना बैल बाजारात नेत असे आणि त्याच्या पैशात भर घालून नवा आणत असे. जुन्या बैलाचा गिऱ्हाईक कोण हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक असे; तो ते विचारत नसे. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावले त्याच्याविषयी हा प्रश्न न विचारण्यात ढोंग होते असे सरळ म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात लाज होती आणि गरजही.

दिल्लीत याच सुमारास दुसरा प्रश्न पुन्हा उभा राहत होता. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक आणले. सरकार स्वतः सर्वंकष कायदा करील, असे आश्वासन नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम निघाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. या कायद्याने रस्त्यावर दिसण्याची अट टाकून दिली. वेदना कोठेही दिली तरी वेदनाच. कलम ११ मध्ये त्रास होईल अशा रीतीने जनावर वाहून नेण्याचा स्पष्ट समावेश आहे. गाय, घोडा, गाढव, कुत्रा, माकड सगळे एका रांगेत आले. शिक्षा मात्र अशी : पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड; तीन वर्षांत पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आजही हे आकडे बदललेले नाहीत.

१९७८ हे साल या कथेत विशेष आहे. मार्चमध्ये केंद्राचे प्राणी वाहतूक नियम निघाले आणि १५ एप्रिलला महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम, १९७६ अमलात आला. विदर्भात लागू असलेला १९४९ चा कायदा त्याने संपवला. मुंबईचा कायदा विचारत होता कशासाठी, दिल्लीचे नियम विचारत होते कसे. गाईची कत्तल बंद, बैल-म्हशींना प्रमाणपत्र, अशी महाराष्ट्राची रचना हनीफ कुरेशी निकालाच्या चौकटीतली होती.

दिल्लीचे नियम वाचताना मात्र आश्चर्य वाटते, इतके ते बारकाईने लिहिलेले आहेत. ट्रकमध्ये सहांहून अधिक गुरे नकोत आणि गुरांची तोंडे इंजिनाकडे असावीत. घोड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. एका वाहनात चार ते सहा घोडे, सोबत एक माणूस. बाजूंना गादीसारखे अस्तर, तळाला पाय न घसरण्याची सोय. दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटीमीटर व्यासाचा बांबू, मागे दोन भक्कम बांबू. घोडा समोरून येणाऱ्या वाहनांना बिचकतो म्हणून त्याचे तोंड डावीकडे, रहदारीपासून दूर ठेवावे. आणि वाहनाचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नसावा. हे नियम लिहिणाऱ्याने घोड्यांसोबत प्रवास केलेला असला पाहिजे, असे वाचताना जाणवत राहते. आजच्या चौपदरी महामार्गावर ताशी ३५ ने जाणारा ट्रक कल्पनेत आणून पाहावा.

पायी नेण्याचेही नियम २००१ मध्ये आले. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी नाही. गाईला दिवसाला ३० किलोमीटर, घोड्याला ४५. तापमान १२ ते ३० अंशांच्या दरम्यान हवे. भंडाऱ्यातील उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मार्च ते जून कायद्याप्रमाणे दुपारी जनावर बाजारात चालवत नेणेच शक्य नाही. त्याआधीचा १९६५ चा नियम अधिक व्यवहारी होता : पारा ३७ च्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावर कामाला जुंपू नये. २०१६ च्या जानेवारीपासून मोटार वाहन नियमांनी जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे बंधनकारक केले. गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला २.२५.

मधल्या काळात ‘उपयुक्तता’ ही कसोटी पालटली. २००५ मध्ये ‘गुजरात राज्य विरुद्ध मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात’ या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हनीफ कुरेशी निकालातील तो भाग दूर केला. शेण आणि मूत्र देणारा म्हातारा बैल निरुपयोगी नसतो, असा विचार त्यात आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांनी २००४ मध्ये नवे कायदे केले होते. महाराष्ट्राचे १९९५ मध्ये संमत झालेले दुरुस्ती विधेयक वीस वर्षे पडून होते. राष्ट्रपतींची संमती मिळून मार्च २०१५ मध्ये ते लागू झाले. आता गाईबरोबर बैल आणि वळूही. कत्तलीसाठी वाहतूक, राज्याबाहेर नेणे, खरेदी-विक्री, सर्व गुन्हे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैलबंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे आणि निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम रद्द केले.

कारध्याच्या पुलावरचा तोच ट्रक आता पाहावा. सहाऐवजी वीस बैल पाय बांधून कोंबले आहेत. ते कोठे चालले याबद्दल कायदा पाच वर्षे सांगतो. ते कसे चालले याबद्दल ५० रुपये. पोलीस तपासाचे, आंदोलनांचे आणि राजकारणाचे सारे बळ पहिल्या प्रश्नाकडे वळले, यात नवल नाही. रस्त्यावर कायदा हाती घेणाऱ्या टोळ्यांच्या हिंसेमुळे जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश द्यावा लागला. त्या हिंसेत मारले गेलेले बहुतेक गरीब व्यापारी आणि वाहनचालक होते. कत्तलबंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे नजरेआड करू नये.

शिवाय एक गोष्ट पहिल्या प्रश्नातून सुटते. भंडाऱ्याच्या चहूबाजूंना कत्तलीस बंदी असेल तर चोरटा व्यापार थांबतोच असे नाही. तो लांबचा रस्ता धरतो, रात्री चालतो, थांबत नाही, पाणी पाजत नाही. याचे सर्वांत नीट मोजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते घोड्यांचेच आहे. तेथील शेवटचे अश्वकत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये अहवाल दिला : २००६ ते २०१० या काळात कत्तलीसाठी कॅनडाला जाणारे घोडे १४८ टक्क्यांनी आणि मेक्सिकोला जाणारे ६६० टक्क्यांनी वाढले. २०१० मध्ये बाहेर गेलेले सुमारे १,३८,००० घोडे म्हणजे बंदीपूर्वी देशात कापल्या जाणाऱ्या घोड्यांइतकेच. संख्या घटली नाही, प्रवास वाढला. ॲडा कोल यांच्या मोहिमेने कत्तलखान्याऐवजी बंदरावर बोट ठेवले होते, ते याच कारणाने शहाणपणाचे वाटते.

भारतातील घोड्याला कत्तलबंदीच्या कायद्यांत जागा नाही, पण मांसासाठी कापण्याची परवानगीही नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत खाद्यप्राण्यांची जी व्याख्या आहे तिच्यात गोवर्गीय, मेंढी, शेळी, डुक्कर, कोंबडी आणि मासे येतात. घोडा-गाढव येत नाहीत. हे संरक्षण अनुल्लेखातून मिळालेले आहे. त्याची कमजोरी गाढवांच्या बाबतीत उघडी पडली. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून बनणाऱ्या ‘एजियाओ’ या औषधी पदार्थाची मागणी वाढली आणि जगभर गाढवे चोरीला जाऊ लागली. ‘ब्रुक इंडिया’ने २०२२ मध्ये भारतातील या छुप्या व्यापारावर अहवाल काढला. ही संस्था कैरोच्या त्याच डोरोथी ब्रूक यांच्या परंपरेतली. २०१९ च्या पशुगणनेत देशात १.२ लाख गाढवे उरली होती, २०१२ पेक्षा ६१ टक्क्यांनी कमी. घोडे व तट्टे ३.४ लाख, ४५ टक्क्यांहून अधिक घट. ही सारी घट कातड्याच्या चोरीमुळे नाही. टेम्पो आणि ट्रॅक्टरमुळे मालकांना ती नकोशी झाली, हे मोठे कारण आहे.

नकोसा घोडा जातो कोठे? जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले, तेव्हा चालकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचेही आदेश दिले. न्यायालयाला हा प्रश्न दिसला होता. विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात वरातीचा घोडा म्हातारा झाला किंवा बेकायदा वाहतुकीत पकडला गेला, तर तेथे व्हिक्टोरियाइतके लक्ष कोणाचे नसते. १९६० च्या कायद्यात जखमी जनावरांच्या उपचारगृहांची तरतूद आहे. २०१७ च्या नियमांनी जप्त जनावर खटला संपेपर्यंत सांभाळण्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची सोय केली. प्रत्यक्षात ग्रामीण भागात दोनच ठिकाणे हाताशी असतात : गावचे कांजीहाऊस, जे १८७१ च्या कायद्याने शेतात शिरलेल्या गुरांसाठी बनले, आणि गोशाळा, जिच्या नावातच तिचा उद्देश आहे. गोशाळेच्या अनुदानाचा आणि देणग्यांचा हिशेब गाईवर चालतो. घोड्याचा चारा, खूर कापणारा, त्याच्या आजारांचा जाणकार, हे सगळे निराळे लागते.

२०२४ हे वर्ष या विषयात गजबजलेले गेले. फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनने गाढवाच्या कातड्याच्या व्यापारावर खंडभर बंदी आणली. मे महिन्यात ब्रिटनने घोड्यांसह जिवंत जनावरांची कत्तलीसाठी निर्यात कायमची थांबवली. ॲडा कोल यांनी अँटवर्पचा धक्का पाहिल्याला तोवर ११३ वर्षे झाली होती. १ जुलैला भारतात दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२५ मधून हत्ती, उंट, घोडा ही जुनी यादी गेली, ५० रुपयांची अटही गेली. आता कोणतेही जनावर मारणे, विष देणे, अपंग करणे वा निरुपयोगी करणे यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गाढवाला आपली किंमत सिद्ध करावी लागत नाही. गुन्ह्याचे सदर मात्र आगळीक हेच राहिले, आणि ‘निरुपयोगी’ हा १८६० चा शब्दही.